मायची गादी पिंजून घेतली: दर्यापूरच्या एका दुकानाबद्दल

जुनी कापसाची गादी घरात पडून असेल, तिचे गोळे झाले असतील आणि घरातली मंडळी फेकून द्या म्हणत असतील, तर फेकू नका. एकदा दर्यापूरला नेऊन दाखवा. जुन्या रेल्वे स्टेशनच्या वाटेवर टिनाच्या शेडात गादी-रजईचं एक दुकान आहे. पाटी नाही. पुढे पिंजाईचं मशीन, मागे रुईचे गठ्ठे, मधे जमिनीवर अंथरलेली ताडपत्री, एवढाच पसारा. चालवणारे गृहस्थ साठीच्या पुढचे आहेत. सारे त्यांना चाचा म्हणतात, मीही तेच म्हणते. त्यांच्याकडून मी माझ्या आजीची गादी पिंजून, नव्या खोळीत भरून घेतली. काम मनासारखं झालं म्हणून लिहिते आहे. पण ती गादी कोणाची होती आणि तिच्यात काय भरलेलं होतं, हे सांगितल्याशिवाय कामाची किंमत कळणार नाही. त्यामुळे थोडं लांबेल.

आजीला आम्ही सारी नातवंडं मायच म्हणायचो. बाबा आणि काका म्हणायचे, म्हणून आम्हीही. आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यात येतं. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात जमिनीखालचं पाणी खारट. विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, पिकाला ते पाणी द्यायची सोय नाही. काळी माती मात्र खोल आणि ओल धरून ठेवणारी. म्हणून कोरडवाहू कापूस, तूर, मूग, ज्वारी आणि पाऊस गेल्यावर उरलेल्या ओलीवर हरभरा. असल्या साडेसहा एकरांत मायचा जन्म गेला. आधारकार्डावर तिची जन्मतारीख १ जानेवारी १९३२ होती. तिच्या वयाच्या बऱ्याच म्हाताऱ्यांच्या कार्डावर १ जानेवारीच असते, कारण लिहून घेणाऱ्याला कोणती तरी तारीख लागतेच. ती स्वतः म्हणायची, "त्याच्या आंदीची आहो मी." गेल्या वर्षी तूर सोंगणीच्या दिवसांत ती गेली.

तिचं माहेर मूर्तिजापूरकडचं. गाडगेबाबांचं लहानपण त्याच तालुक्यात दापुऱ्याला मामाच्या घरी गेलेलं, त्यामुळे त्या भागातली माणसं बाबांना घरचंच समजायची. माय पोरगी असताना गाडगेबाबा तिच्या गावात आले होते. दिवसभर त्यांनी गाव झाडलं आणि रात्री कीर्तन केलं. कीर्तनातलं सगळं तिला आठवत नसे, पण दोन गोष्टी ती आम्हाला शेवटपर्यंत सांगत राहिली. कर्ज काढून सण-लग्न करू नका. ताट नसलं तर हातावर भाकर खा, पण लेकराला शाळेत घाला. या दोन गोष्टींवर तिनं संसार केला. आत्यांची लग्नं गावकीत साधी झाली, त्यावरून नातेवाइकांचं बोलणं तिनं खाली मान घालून ऐकलं. आमच्या घरात मुलींची शाळा मात्र एक दिवस कोणी बंद केली नाही. मी आज अमरावतीला शिक्षिका आहे ती त्यामुळे.

लग्न होऊन ती आगगाडीनं सासरी आली. पुढे जिला सगळे शकुंतला म्हणू लागले तीच ही नॅरोगेज गाडी, मूर्तिजापूर ते अचलपूर. किलिक निक्सन या इंग्रज कंपनीनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वऱ्हाडातला कापूस बाहेर काढायला हा मार्ग टाकला. यवतमाळचा फाटाही त्यांचाच. १९९४ पर्यंत ती कोळशाच्या इंजिनावर धावली, मग डिझेल आलं, आता गाडी बंद आहे. चाचांच्या शेडापासून ते रूळ हाकेच्या अंतरावर आहेत.

आजोबा १९७१ मध्ये गेले. पदरात चार लेकरं, त्यात थोरले माझे बाबा, तेव्हा चौदा वर्षांचे. पुढच्याच वर्षी दुष्काळ. माय खडी फोडायला गेली, रेशनवरच्या लाल मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरी तिनं लेकरांना खाऊ घातल्या. त्या मिलोची चव ती कधी विसरली नाही. पुढे घरात ज्वारीची पोती भरलेली असली, तरी ताटातलं एक बोटभर अन्न टाकू द्यायची नाही. जमीन मक्त्यानं देऊन टाक, असं दिरांनी किती समजावलं. तिनं दिली नाही. शेजारच्या एका वयस्क माणसाला बैलांसाठी हाताशी धरलं आणि पेरणी, डवरणी, वेचणी स्वतः उभी राहून करून घेतली.

१९७२ पासूनच राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. कापूस सरकारी केंद्रावरच घालायचा. बाबा सांगतात, बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रांग लागायची, रात्र रात्र बंडीखाली झोपावं लागायचं. बाई माणूस म्हणून कोणी मायला रांगेत पुढे सोडलं नाही आणि तिनंही कोणाला तसं मागितलं नाही. ती बाबांना घेऊन रांगेत बसायची, सोबत भाकर आणि ठेचा. चुकारा, म्हणजे कापसाचे पैसे, हातात यायला वेळ लागायचा. तोवर उधारीवर घर चालायचं.

आता गादीकडे येते. कापूस पिकवणाऱ्या त्या घरात कापसाची गादीच नव्हती. सगळ्यांच्या अंगाखाली वाकय, म्हणजे जुन्या लुगड्या-धोतरांची शिवलेली. माय म्हणायची, "कापूस इकाचा असते, झोपाचा नसते." १९७५ साली चांगलं पिकलं. पहिल्या वेचणीला तिनं नेहमीप्रमाणे शेतात सीतादही केलं, पऱ्हाटीपाशी, म्हणजे कपाशीच्या झाडापाशी, दहीभाताचा निवद दाखवला, आणि त्या पहिल्या वेच्यातला सगळ्यात पांढरा कापूस वेगळा काढून घरी आणला. कवडी, पाचोळा, सगळं निवडून टाकलं. जिनिंगमध्ये न घालता ओळखीच्या घरच्या हातरेच्यावर सरकी काढली. मग गावात फिरता पिंजारी आला तेव्हा अंगणात बसवून त्याच्याकडून एक गादी भरून घेतली. चार बाय सहाची, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या जाड कापडाची. बाबांना ते दिवस लख्ख आठवतात. रुई पिंजायच्या धनुकलीचा आवाज दिवसभर चालला होता आणि गल्लीतली पोरं उडणारी रुई धरायला जमली होती.

त्या गादीवर ती स्वतः झोपली नाही. ती सपरीतल्या मोठ्या बाजेवर पाहुण्यांसाठी. शाळेचे गुरुजी मुक्कामी राहिले की त्यांना, जावई आले की त्यांना. आत्यांची बाळंतपणं त्याच गादीवर झाली, वर मेणकापड घालून. माझ्या आईचंही. मी आणि माझी तीन चुलत-आते भावंडं जन्मल्यावर पहिले दीड महिने त्याच गादीवर होतो. माय बाजेखाली शेगडीत गोवरीचा निखारा ठेवायची, त्यावर ओवा-शेपा टाकायची. आईच्या बोलण्यात आजही तो वास येतो.

गादी जपायची तिची पद्धत पक्की होती. वर्षातून दोनदा ऊन, दिवाळी झाली की एकदा आणि मिरगाच्या आधी एकदा. आमच्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात दुपारभर बाजेवर टाकायची, मधे एकदा उलटायची, संध्याकाळी काठीनं झोडपायची आणि गार झाल्यावरच घरात घ्यायची. गरम गादी गुंडाळली तर घाम धरते, असं तिचं म्हणणं. वरची खोळ उसवून वेगळी धुवायची ती फक्त पावसाळ्यात, माळवदाच्या पन्हाळीचं पाणी घंगाळात धरून. खाऱ्या पाण्यानं कापड कडक होऊन फाटतं, हे तिला ठाऊक होतं. गादीवर उभं राहिलेलं तिला खपत नसे. "कापसाले पाय लावू नको वं," एवढंच म्हणायची, पण असं म्हणायची की आम्ही झटकन उतरायचो.

शेवटची दोन वर्षं मात्र ती त्याच गादीवर होती. खुबा मोडला आणि वाकयवर तिच्या हाडांना टोचायला लागलं, तेव्हा काकूंनी तिला न विचारता गादी तिच्या बाजेवर घातली. पहिल्या रात्री माय कुरकुरली. मग रोज सकाळी हातानं चादर सारखी करायची. आम्ही सुटीत गेलो की तिच्या उशाशी बसायचो आणि ती शिवारातल्या एकेका माणसाचं विचारायची. कोणाची तूर कशी आहे, कोणाच्या पऱ्हाटीवर बोंडअळी आली. शेवटच्या घटका आल्या तेव्हा रीतीप्रमाणे तिला खाली घेतलं. तेरवी झाल्यावर काका म्हणाले, अंथरूण नदीकडे टाकून देऊ. गावात तसंच करतात. काकूंनी ऐकलं नाही. "ती जमिनीवर गेली, गादीचा काय दोष?" असं म्हणून त्यांनी ती माळ्यावर टाकली. काकूंचे माझ्यावर हे मोठे उपकार आहेत.

मी गादी अमरावतीला आणली तेव्हा तिचे पार गोळे झाले होते. मधे खळगा, कडेला गाठी. शहरातल्या एका मोठ्या दुकानात दाखवली. तिथल्या माणसानं हातही न लावता सांगितलं की या कचऱ्याचे काही येणार नाहीत, फोमची घ्या, जुनी आम्ही फुकट उचलून नेऊ. ते ऐकून मी तिथून निघाले. मग शाळेतल्या दर्यापूरच्या एका बाईंनी चाचांचं दुकान सांगितलं.

चाचांनी आधी गादी ताडपत्रीवर आडवी करून एका कोपऱ्याची शिवण उसवली. आतून चिमूटभर रुई काढली आणि दोन अंगठ्यांमध्ये धरून हळू ताणली. मेलेली रुई अशी ताणली की भुगा होऊन पडते, तिला पिंजून उपयोग नसतो. जिवंत असेल तर धागा निघतो. आमच्या गादीचा धागा निघाला. पिवळसर, आखूड, जरा खरखरीत. चाचा म्हणाले, "ताई, ही गावरानी रुई आहे. फेकू नका. अशी आता पैसे देऊन भेटत नाही."

मग त्यांनी जे समजावलं ते मला आधी माहीत नव्हतं. गिरणीला लांब, मऊ धागा लागतो, पण गादीला आखूड आणि जाड धाग्याची देशी रुईच बरी. ती दबते आणि परत उठते. आताचा लांब धाग्याचा कापूस मऊ लागतो खरा, पण लवकर बसतो. १९७० नंतर संकरित वाण आले, २००२ मध्ये बीटी, म्हणजे जनुक बदललेलं बियाणं, आलं आणि बघता बघता सगळं शिवार त्याचंच झालं. देशी कापूस आता शोधावा लागतो. मायच्या गादीत तो पन्नास वर्षं जपून राहिला होता.

रुई ११ किलो भरली. काटा त्यांनी माझ्यासमोर केला आणि वहीत लिहिला. पिंजताना धूळ-भुगा जाऊन पावणेदहा किलो उरली. मी म्हटलं, वरून दोन-तीन किलो नवी टाका, म्हणजे माप तेच राहील. चाचांनी साफ नाही म्हटलं. जुनी आणि नवी रुई एकमेकींत बसत नाहीत, वर्षभरात नवी एका अंगाला दबते आणि गादी वाकडी होते. त्यापेक्षा माप तीन बाय सहा करू, जाडी चांगली येईल आणि उरलेल्यात एक उशी निघेल. त्यांनी नवी रुई विकून पैसे कमवायची संधी सोडली, हे मला फार मोठं वाटतं.

एक अडचण निघाली. हातरेच्यावर काढलेल्या कापसात थोडी सरकी राहून जाते. ती मशीनच्या दातांत चिरडली की तेल सुटतं, रुईला डाग पडतात. म्हणून सगळी रुई आधी हातानं मोकळी करून निवडावी लागली. हे काम त्यांच्या घरच्या बाई करतात, आणि इतकं सावकाश, डोळ्यांत तेल घालून करतात की बघत राहावं. काळी पडलेली सरकी त्यांनी एका कागदात बांधून मला दिली, न मागता. चाचांना मी विचारलं, १९७५ ला आमच्या गावात पिंजारी कोण आला असेल? ते म्हणाले, त्यांचे वडील असतील किंवा चुलते, त्या बाजूच्या खेड्यांत त्यांच्याच भावकीतले लोक धनुकली घेऊन फिरायचे. नक्की कोण ते सांगता येत नाही. पण जुन्या शिवणीचे टाके बघून त्यांनी सांगितलं की माणूस कामाचा पक्का होता, एकही टाका ओढलेला नाही.

पिंजलेली रुई त्यांनी खोळीत एकदम कोंबली नाही. ताडपत्रीवर थरावर थर पसरले, प्रत्येक थर वेताच्या छडीनं सारखा केला, कडांना जरा जास्त घातली. खोळीत घातल्यावर पुन्हा छडी. मग दाभणानं आरपार टाके, वीतभर अंतरानं, प्रत्येक टाक्याला सुताची गुंडी. टाके नीट नसले तर रुई सरकते आणि गोळे तिथूनच सुरू होतात. काठाची शिलाई हातानं केली आहे आणि चारही कोपरे सरळ उभे राहिले आहेत. बाजारातल्या तयार गाद्यांचे कोपरे मी आता मुद्दाम बघते, असे कुठेच दिसत नाहीत.

खर्च सांगते. पिंजाई ४० रुपये किलोनं ४४०, सरकी निवडायचे १५०, भराई आणि शिलाई ३५०, उशीचे ६०, खोळीचं ५ मीटर कापड ४५०. एकूण १,४५० रुपये. यात एक रुपयाचीही घासाघीस मी केली नाही आणि कोणी करू नये असं मला वाटतं.

ज्या गोष्टी खटकल्या त्याही लिहायला हव्यात. सांगितलेल्या दिवशी काम तयार नव्हतं आणि पुढचा दिवसही टळला. फोन केला तर उचलत नाहीत, मशीनच्या आवाजात ऐकू येत नसावं. लांबून येणाऱ्यानं निघण्याआधी कोणाला तरी पाठवून खात्री करून घ्यावी. शेडात रुईची धूळ फार उडते. दमा असलेल्यानं तिथे थांबू नये, आणि चाचांनी स्वतः तोंडाला फडकं बांधावं, हे मी त्यांना दोनदा सांगून आले. खोळीच्या कापडात निवड नाही. निळे-पांढरे पट्टे मला हवे होते, ते अंजनगावहून मीच घेऊन गेले. पावती मिळत नाही, वहीतलं पान दाखवतात. घरपोच सेवा नाही, आपली गाडी न्यावी लागते.

गादी आता माझ्या घरी आहे. मी तिच्यावर झोपते, रोज. तिला पाहुण्यांसाठी ठेवावं का, यावर घरात बोलणं झालं आणि माझ्या लेकीनं ठरवलं की नाही. उशी मी बाबांना दिली. ते सत्तरीच्या आसपास आहेत, बोलले काही नाहीत, पण जुनी उशी त्यांनी त्याच दिवशी काढून टाकली. काकांनी महिन्याभरानं फोन करून चाचांच्या दुकानाचा पत्ता विचारला. त्यांच्या घरी मायनं आत्याच्या लग्नात भरून घेतलेली एक रजई आहे, तीही त्याच शेतातल्या कापसाची.

ज्यांना जायचं आहे त्यांनी दिवाळीनंतर लगेच जाऊ नये. थंडीच्या तोंडावर रजयांची गर्दी असते आणि काम आणखी लांबतं. फेब्रुवारी ते मे बरा काळ, ऊनही भरपूर असतं, भरलेली गादी चाचा एक दिवस उन्हात टाकूनच देतात. पावसाळ्यात ते पिंजाई घेत नाहीत, ओलसर हवेत रुई नीट फुलत नाही म्हणून. जाताना गादी धुवू किंवा भिजवू नका, आहे तशी न्या. कापड आवडीचं हवं तर सोबत न्या, तीन बाय सहाला उशीसकट ५ मीटर पुरतं. आणि गादी कोणत्या सालची, कापूस कुठला, हे माहीत असेल तर सांगा. चाचा ते वहीत वजनाच्या बाजूला लिहून ठेवतात.